चारबागला उतरताना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



महोत्सव समितीचे पत्र आले तेव्हा त्यात व्याख्यानाचा विषयही ठरवून दिलेला होता : 'लखनौचा इतिहास आणि तेथील वास्तू'. रेल्वेच्या नोकरीत 1983 ते 2002 अशी एकोणीस वर्षे मी लखनौस काढली, हे समितीच्या कोणा सभासदास ठाऊक असावे. विषय मोठा आहे. नबाबांची नावे आणि इमारतींची यादी वाचून दाखविली तर तास सहज भरेल. परंतु ती यादी आपणांस कोणत्याही प्रवासी पुस्तकात मिळेल, आणि तुमच्यापैकी निम्मे लोक इमामबाड्यापर्यंत पोहोचण्याआधीच घरी पोहोचलेले असतील. म्हणून मी आपणांस चारबाग स्थानकावर उतरवून घेणार आहे आणि मी तेथे जसजसे शहर पाहिले, तसतसे, जरा वेडेवाकडे, दाखविणार आहे.

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लखनौला किती जागा होती, ते माझ्या वर्गबंधूंना आठवत असेल. दीड ओळ. '1916 साली लखनौ येथे काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्यात करार झाला' ही एक ओळ, आणि 1857 च्या उठावाच्या केंद्रांमध्ये दिल्ली, कानपूर, झाशी यांच्यापाठोपाठ 'लखनौ' हा एक शब्द. आमचे इतिहासाचे सर उत्तर देणाऱ्याला मध्येच थांबवून 'सन सांग!' म्हणत. सन चुकला की बाकीचे उत्तर कितीही फुलवून सांगितले तरी ते ऐकून घेत नसत. या 'सन सांग'चा संबंध पुढे येणार आहे.

चारबाग हे नाव फारसी बागेवरून आले. पाण्याच्या पाटांनी चौकोनी जमिनीचे चार भाग करायचे आणि मध्यभागी हौद किंवा चौथरा ठेवायचा, ही इराणी रचना. हुमायूनच्या आणि ताजमहालाच्या आवारात आपण तीच पाहतो. लखनौच्या दक्षिण टोकाला नबाबांच्या काळात अशी बाग होती. बाग गेली, नाव उरले, आणि त्या नावावर रेल्वेस्थानक आले. आजच्या इमारतीचा पाया 1914 च्या मार्चमध्ये घातला गेला, ती 1923 साली पुरी झाली आणि तिला सुमारे 70 लाख रुपये लागले, अशी नोंद आहे. वास्तुरचनाकार हॉर्निमन. घुमट, छत्र्या, मनोरे, कमानी यांत मुघल, अवधी आणि राजपूत वळणे एकत्र केलेली आहेत. उंचावरून पाहिले तर ही इमारत बुद्धिबळाचे सोंगट्या मांडलेले पट दिसते, असे लखनौकर आवर्जून सांगतात. दर्शनी पोर्चमध्ये उभे राहिले तर गाडीची धडधड ऐकू येत नाही, असेही सांगतात. रेल्वेत नोकरी करूनही मी या दुसऱ्या दाव्याची परीक्षा कधी घेतली नाही. बाहेर रिक्षावाल्यांचा जो गलका असतो, त्यात कसलीच धडधड ऐकू येण्यासारखी नसते.

आता माझी चूक सांगतो. गावाकडून पाहुणे आले की मी त्यांना घ्यायला चारबागला जात असे. सामान हमालाच्या डोक्यावर चढले, की पोर्चमध्ये थांबून, वर बोट दाखवून मी म्हणत असे, "1916 साली लोकमान्य टिळक याच घुमटांखालून बाहेर पडले." पाहुणे क्षणभर गंभीर होत. एका मावशींनी तर खांबाला नमस्कार केला होता. सात-आठ वर्षे मी हे सांगत होतो. पुढे एके दिवशी स्थानकाच्या इतिहासाविषयीचे एक टिपण वाचताना 1923 हा आकडा समोर आला आणि कानांत सरांचा आवाज आला : 'सन सांग!' 1916 साली ही इमारत उभी राहायची होती. टिळक आले ते चारबागलाच. पण या घुमटांखालून नव्हे. मावशींना मी पत्र लिहून चूक कळविली. त्यांनी उलट कळविले, की नमस्कार वाया जात नसतो. ते असो. परंतु त्या दिवसापासून मी लखनौ नव्याने वाचू लागलो, आणि ज्या वास्तूंवरून रोज जातो त्यांविषयी आपण किती कमी जाणतो हे ध्यानात आले.

शहराचे वैभव सुरू होते ते आसफुद्दौलापासून. 1775 मध्ये त्याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. त्याच्या घराण्याचा आणि मराठ्यांचा संबंध आपण पानिपतापुरता आठवतो, आणि तोही शत्रू म्हणून. प्रत्यक्षात आसफुद्दौलाचा आजा सफदरजंग याने फर्रुखाबादच्या बंगश पठाणांविरुद्ध मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांना मदतीला बोलावले होते. बाप शुजाउद्दौला पानिपतावर अब्दालीच्या बाजूला उभा राहिला, हे खरे. परंतु युद्धानंतर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांच्या देहांवर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत यासाठी खटपट केली ती त्यानेच. ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती त्याच्याच पदरी असलेल्या काशीराज या दक्षिणी ब्राह्मणाच्या फारसी लेखनामुळे. पानिपताची इतकी जवळून पाहिलेली हकीकत अवधच्या नोकरीत असलेल्या आपल्या माणसाने लिहावी, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

1784 साली अवधमध्ये भीषण दुष्काळ होता. बडा इमामबाडा त्या दुष्काळात उभा राहू लागला. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नबाबाने तो बांधायला काढला. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे या सभागृहातही असतील. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. लखनौत एक आख्यायिका सांगतात : दिवसा मजूर जेवढे बांधीत, त्यातले काही रात्री पाडले जाई, आणि ते काम पोटाला चिमटा बसलेले पण उघड मजुरी करायला लाजणारे खानदानी लोक अंधारात, तोंडे झाकून करीत. ही गोष्ट शब्दशः खरी मानायचे कारण नाही. पण उपाशी माणसाची अब्रू राखण्याची गोष्ट एखाद्या शहराला आपल्या सर्वांत मोठ्या इमारतीविषयी सांगाविशी वाटते, यावरून त्या शहराचा स्वभाव कळतो.

या इमारतीचा रचनाकार किफायतुल्ला. मधले दालन सुमारे 50 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद आहे, आणि एवढे मोठे छत एकाही तुळईशिवाय, लोखंड किंवा लाकूड न वापरता, केवळ लखौरी नावाच्या पातळ विटा आणि चुना यांच्या कमानींवर तोललेले आहे. वरची प्रसिद्ध भूलभुलैया ही नबाबाची बेगमांशी लपाछपी खेळण्याची जागा, असे वाटाडे रंगवून सांगतात. ते खोटे आहे. एवढ्या मोठ्या कमानीच्या खांद्यांवर भरीव बांधकाम चढविले असते तर तिला भार सोसला नसता. म्हणून भिंती पोकळ ठेवल्या, आणि त्या पोकळ्यांतून वाटा निघाल्या. वजन कमी करण्याच्या युक्तीतून ते कोडे जन्मले. अभियंता म्हणून मला ही गोष्ट बेगमांच्या लपाछपीहून शतपट अधिक मोहक वाटते. आणखी एक : या दालनात आसफुद्दौलाची कबर आहे, आणि किफायतुल्लाचीही. राजाशेजारी आपल्या बांधकाम करणाऱ्याला जागा, हे दृश्य हिंदुस्थानात फारसे पाहायला मिळत नाही.

रूमी दरवाजा, छोटा इमामबाडा, क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने बांधलेली व पुढे शाळा झालेली ला मार्टिनियरची इमारत, या साऱ्या गोष्टी मी सोडून देतो. त्या आपण जाऊन पाहाव्या. मात्र रेसिडेन्सीत जाल तेव्हा संध्याकाळी जा. 1857 च्या जूनअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत तेथे सुमारे तीन हजार माणसे वेढ्यात अडकली होती, आणि त्यांत लढणारे हिंदी शिपाईही शेकड्यांनी होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या गौरवकथा झाकून ठेवतात. पडक्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. इंग्रजांनी त्या मुद्दाम डागडुजी न करता ठेवल्या आणि वरचा आपला झेंडा 1947 पर्यंत रात्रंदिवस फडकत ठेवला. त्या वेढ्याच्या दुसऱ्या बाजूला होती बेगम हजरतमहल. आणि पराभवानंतर तिने नेपाळची वाट धरली त्याच वाटेने बिठूरचे नानासाहेब पेशवेही गेले. चारबागपासून जवळच आलमबागेत सेनापती हॅवलॉकची कबर आहे. तिच्यासमोरून माझी रोजची बस जाई.

आता 1916 कडे येतो. पाठ्यपुस्तकातील त्या एका ओळीकडे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. लखनौस काँग्रेसचे अधिवेशन. 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली, त्यानंतर मंडालेची सहा वर्षे भोगून टिळक 1914 मध्ये सुटले आणि तब्बल नऊ वर्षांनी पुन्हा काँग्रेसच्या मांडवात पाऊल ठेवीत होते. मुंबई इलाख्यातून होमरूलवाल्यांची खास गाडी आली. स्वागत समितीवर नेमस्तांचा वरचष्मा. टिळकांना मोटारीत बसवून गाजावाजा न करता मुक्कामावर न्यावे, असा त्यांचा बेत. तेव्हा शहाजहानपूरचा एकोणीस वर्षांचा एक तरुण मोटारीसमोर आडवा झोपला. मग भाड्याची एक गाडी आणली, तिचे घोडे सोडले, आणि पोरांनी ती स्वतःच्या हातांनी ओढीत लोकमान्यांना शहरातून मिरवीत नेले. या तरुणाचे नाव रामप्रसाद बिस्मिल. फाशीपूर्वी गोरखपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ज्या वेळी मराठी मुलांना टिळकांविषयी शेंगांच्या टरफलांची एकच गोष्ट येते, त्या वेळी शहाजहानपूरच्या मुलाला ही गोष्ट येते, हे मी तेथे अनुभवले आहे.

त्याच अधिवेशनात नेहरू आणि गांधी प्रथम भेटले. चारबागच्या आवारात 26 डिसेंबर 1916 या तारखेसह तशी नोंद आहे. चंपारण्याचा राजकुमार शुक्ल नावाचा शेतकरी तेथेच गांधींना गाठून निळीच्या मळ्यांचे गाऱ्हाणे सांगत होता. एका शहराच्या एका आठवड्यात किती गोष्टी मावाव्या!

आणि करार. विधिमंडळांत मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ आणि ठरावीक जागा द्यायच्या, हे काँग्रेसने मान्य केले. संयुक्त प्रांतात लोकसंख्येत मुसलमान सुमारे 14 टक्के, तेथे त्यांना 30 टक्के जागा. मुंबई इलाख्यात एक तृतीयांश. उलट बंगालमध्ये ते निम्म्याहून अधिक असताना 40 टक्क्यांवर त्यांनी समाधान मानले. हिंदूंनी फार सोडले, अशी ओरड मांडवातच झाली. त्या ओरडीला टिळकांनी व्यासपीठावरून उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांना दिले तरी चालतील, केवळ रजपुतांना दिले तरी चालतील, हिंदूंतील खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांना दिले तरी चालतील. आज लढा तीन बाजूंचा आहे, तो एकदा दोन बाजूंचा होऊ द्या. ज्यांना त्यांच्या विरोधकांनी कडवे हिंदुत्वनिष्ठ म्हणून रंगविले होते, त्यांच्या तोंडचे हे बोलणे आहे.

स्वतंत्र मतदारसंघाचे तत्त्व मान्य करणे ही पुढे महाग पडलेली चूक होती, असे मानणारे इतिहासकार आहेत. माझाही कल तिकडे आहे. परंतु ती चूक करणाऱ्याची छाती मोठी होती. आपल्या माणसांकडून शिव्या खाण्याची तयारी ठेवून समोरच्याला अधिक द्यायचे, हे त्या आठवड्यात लखनौने पाहिले. एका ओळीत ते मावत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकाला दोष देत नाही. मीच कधी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढले नाही.

बिस्मिल यांच्याकडे परत येतो. टिळकांची गाडी ओढल्याला नऊ वर्षे झाली. 9 ऑगस्ट 1925 रोजी लखनौकडे येणारी पॅसेंजर गाडी चारबागला पोहोचण्याआधीच काकोरीजवळ साखळी ओढून थांबविली गेली आणि सरकारी खजिना लुटला गेला. नेता तोच, बिस्मिल. खटला लखनौस चालला. हजरतगंजातील आजचे मोठे टपाल कार्यालय हे तेव्हा रिंग थिएटर होते, तेथे न्यायालय भरले. 1927 च्या डिसेंबरमध्ये बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी फासावर गेले. त्या टपाल कार्यालयात मी शेकडो मनिऑर्डरी केल्या असतील.

याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेल्या एका क्रांतिकारकाचे नाव रामकृष्ण खत्री. जन्म 1902, चिखली, जिल्हा बुलढाणा. होय, आपली चिखली. येथून एसटीने दोन तासांवरची. क्रांतिकार्याआधी ते काशीत साधू होते. मराठी उत्तम येत असल्यामुळे मध्य प्रांत आणि महाराष्ट्र या बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. शिक्षा भोगून ते लखनौचेच झाले, आणि 1996 साली, वयाच्या 94 व्या वर्षी, लखनौस वारले.

मी लखनौस गेलो 1983 मध्ये.

तेरा वर्षे. तेरा वर्षे हा माणूस माझ्या शहरात होता; बिस्मिल, अशफाकउल्ला, आझाद यांच्यासोबत काम केलेला, आणि ज्याला मी मराठीत 'नमस्कार, मी आपल्याच मुलखातला' असे म्हणू शकलो असतो असा. मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. ऑक्टोबर 1996 मध्ये कचेरीत चहाबरोबर आलेल्या हिंदी वर्तमानपत्रात निधनवार्ता वाचली, आणि तिच्यात 'चिखली' हा शब्द पाहिला. त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही. मावशींना खोट्या घुमटाखाली उभे करून खोटा इतिहास सांगणारा मी. खरा इतिहास त्याच शहरात काठी टेकीत चालत होता, आणि मी त्याच्या दारापर्यंत गेलो नाही. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले आहे.

आता ज्या वास्तूत माझे सर्वाधिक तास गेले, तिच्याविषयी. कैसरबाग हा शेवटचा नबाब वाजिद अली शाह याने राज्यावर येताच उभारलेला राजवाड्यांचा विस्तार. त्यातील परीखान्यात मुलींना गाणे आणि नृत्य शिकविले जाई. 1856 साली कंपनीने राज्य खालसा केले, नबाबाला कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जावे लागले, आणि 1857 नंतर कैसरबागेचा बराच भाग पाडला गेला. परीखाना वाचला. आज तेथे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 1860 चा, मुंबईत वाळकेश्वरचा. वकिलीचे शिक्षण झाले, वकिली चालली. पत्नी गेली, मग एकुलती मुलगी गेली. आणि त्या एकाकी माणसाने उरलेले आयुष्य गाण्याच्या शास्त्राला दिले. देशभर हिंडून, उस्तादांच्या घरी बसून, त्यांच्या कंठातील बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या. काही उस्तादांनी मोकळ्या मनाने दिले, काहींनी हात आखडले. आणि गळ्यातली विद्या कागदावर उतरली की तिचा प्राण जातो, हा आक्षेप आजही घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. पण कागदावर न उतरलेल्या कितीतरी बंदिशी उस्तादांबरोबर मातीत गेल्या, हेही तथ्य आहे.

लखनौस 1924 मध्ये आणि पुढच्या वर्षी अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली हे तालुकदार आणि भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली महाविद्यालय निघाले. तेव्हाचे गव्हर्नर मॅरिस यांचे नाव त्याला दिले गेले. वाळकेश्वरचा ब्राह्मण, अवधचे तालुकदार आणि इंग्रज गव्हर्नर. असे तिघे मिळून शाळा काढतात, त्या अर्थी गरज खरी असली पाहिजे. सुरुवातीस ते दुसऱ्या जागी होते, नंतर परीखान्यात आले. 1928 पासून 1956 पर्यंत, म्हणजे जवळजवळ एक पिढी, श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य होते. बेळगावकडच्या बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा 1936 साली लखनौस येऊन त्यांच्या घरी राहिला आणि शिकला. तेच पुढचे कृष्णराव गिंडे. अकराव्या वर्षी आपण कोठे होतो, ते प्रत्येकाने आठवून पाहावे. मी तर या पटांगणावर होतो, आणि घर तीन गल्ल्या पलीकडे.

माझी मुलगी सात वर्षे परीखान्यात गाणे शिकली. आठवड्यातून दोनदा मी तिला स्कूटरवरून नेई आणि बाहेरच्या ओट्यावर तासभर बसून राही. आतून तानपुऱ्यांचा आवाज येई. शिकविणारे आणि शिकणारे जवळजवळ सारे हिंदी बोलणारे. भातखंडे मराठी होते, हे कित्येक मुलांना माहीत नव्हते. मला प्रथम त्याचा राग येई. मग एकदा तिच्या हातातील हिंदी क्रमिक पुस्तक चाळताना लक्षात आले, की मुळात हे सारे मराठीत लिहिले गेले होते. 'हिंदुस्तानी संगीतपद्धती'चे चार भाग मराठीत, तेही गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात. क्रमिक पुस्तकमालिकाही मूळ मराठी. नंतर हाथरसहून हिंदी अनुवाद निघाले आणि उत्तरेकडच्या प्रत्येक गाणाऱ्या घरात गेले.

पालकहो, आपल्या शाळेत माध्यमाविषयी चर्चा चालू आहे असे ऐकतो, म्हणून येथे थोडे थांबतो. ज्या विद्येला लखनौ, रामपूर, ग्वाल्हेर, बडोदे अशी साऱ्या देशाची वाट चालायची होती, तिच्यासाठी भातखंड्यांना हिंदी किंवा इंग्रजी धरणे अवघड नव्हते. ते मुंबईचे वकील होते. सूत्रग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिलाही. पण शंका विचारायच्या, उत्तर द्यायचे, पुन्हा शंका काढायची, असे जेथे खरे शिकणे चालते, ते त्यांनी आईच्या भाषेत केले. आधी आपल्या भाषेत गाठ सोडविली, मग ती सर्वांच्या हाती दिली. इंग्रजी शिकवू नका असे मी म्हणणार नाही. माझे पोट तिच्यावर भरले. परंतु पहिलीतल्या मुलाला 'का?' हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारता येईल, एवढे समितीने टिपणात लिहून घ्यावे.

लखनौचे आणखी एक मराठी दालन सांगायचे राहिले; ते कोणत्याही नकाशावर नाही. चौकातल्या सराफ्यात मी एकदा बायकोच्या पाटल्या दाखवायला गेलो होतो. आतल्या बोळात भट्टी पेटलेली, आणि मुशीवर वाकलेला माणूस पोराला ओरडला, "आरं, चिमटा कुटं ठेवलास?" मी तेथेच थबकलो. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई करणारे लोक. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी त्या दुष्काळी तालुक्यांतील माणसे हिंदुस्थानच्या बहुतेक शहरांत पांगली आहेत. "पाव्हणं, तुमी कंच्या गावचं?" त्यांनी विचारले आणि स्टूल पुढे केले. पुढे त्यांच्या गणपतीला आम्ही दरवर्षी जात असू. 1784 च्या दुष्काळात लखनौने आपल्या माणसांना काम दिले होते. आटपाडीच्या दुष्काळातून निघालेल्या या माणसाला त्याच शहरात काम मिळाले होते. ते दरवर्षी मे महिन्यात बायको-मुलांना पुष्पक एक्स्प्रेसने गावी पाठवीत. ती गाडी चारबागच्या लगतच्या स्थानकातून सुटे. फलाटावर त्यांचा पोरगा लखनवी हिंदीत हमालाशी घासाघीस करी आणि वळून आईशी आटपाडीच्या मराठीत बोले, मध्ये श्वासही न घेता.

माझ्या मुलीला ते तितके साधले नाही. ती नऊ वर्षांची असताना आजीला पत्र लिहू लागली. वरच्या कोपऱ्यात पत्ता घाली, आणि शाळेत शिकविल्याप्रमाणे लिही 'लखनऊ'. आजी उत्तरात दर वेळी दुरुस्ती करी : 'बाळ, लखनौ असे लिहावे.' ही लढाई वर्षभर चालली. माझी आई याच शाळेत मराठी शिकवीत होती, हे तुमच्यापैकी ज्यांनी तिच्या हातच्या छड्या खाल्ल्या त्यांना सांगायला नको. शेवटी एका पत्रात मुलीने दोन्ही शब्द लिहिले, एकाशेजारी एक, 'लखनऊ-लखनौ', आणि खाली लिहिले, की पोस्टमनला पहिले समजते आणि तुला दुसरे. त्यानंतर आजीने तो शब्द कधी दुरुस्त केला नाही.

ते पत्र आणि रामकृष्ण खत्री यांच्या निधनवार्तेचे कात्रण, दोन्ही मी आज सोबत आणले आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करतो. कात्रणाच्या मागे मी सन घातला आहे.